ऑपरेशन दोन तासांचं, देखभाल वीस वर्षांची

स्तनांच्या शस्त्रक्रियेबद्दल आपल्याकडे दोनच ठिकाणी बोललं जातं: सिनेनट्यांच्या गप्पांत आणि कॅन्सरच्या वॉर्डात. या दोन टोकांच्या मध्ये कितीतरी बायका उभ्या असतात. लहानपणी भाजल्यामुळे छातीची कातडी आवळली गेलेली मुलगी, दोन बाजूंमध्ये जन्मापासून ठळक फरक असलेली तरुणी, बाळंतपणांनंतर ओघळलेपण आलेली आई, गाठीच्या ऑपरेशनात एक बाजू सपाट झालेली मावशी, आणि जिला कसलाही आजार नाही पण आपला बांधा वेगळा असावा असं मनापासून वाटतं, तीही. तुळजापूरसारख्या तालुक्याच्या गावात यातली कुणी उघडपणे बोलत नाही. ब्लाउज शिवणाऱ्या ताईला मात्र सगळं ठाऊक असतं, कारण आत कप घालायचा की एका बाजूला कापडाची घडी, हे तिला सांगावंच लागतं.

पर्याय मुंबईच्या बाईला जे आहेत तेच तुळजापूरच्या बाईला. तरीही दोघींनी एकच पर्याय निवडावा असं मला वाटत नाही. तुळजापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे, धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे, पण प्लास्टिक सर्जनला दाखवायचं तर साधारण पंचेचाळीस किलोमीटरवरचं सोलापूर गाठावं लागतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडणारं अनुभवी पथक हवं असेल तर पुणे किंवा मुंबई. म्हणून ऑपरेशन कोण करेल एवढंच विचारून भागत नाही. सात वर्षांनी, बारा वर्षांनी तपासणी कुठे होईल, त्रास झाला तर रात्रीत कुठे पोचता येईल, हा प्रश्न तितकाच वजनाचा आहे. या लेखातले सगळे पर्याय मी त्या काट्यावर तोलले आहेत.

आधी सुरीशिवायचे उपाय. स्तनाचा आकार वाढवणारं तेल, मलम, गोळी किंवा पंप यांपैकी कशानेही स्तनाची ऊती टिकाऊपणे वाढते, असा भरवशाचा पुरावा नाही. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे, आणि ज्या तक्रारींवर इलाज असल्याची जाहिरात करायला तो मनाई करतो त्यांच्या यादीत स्त्रीच्या स्तनांचा आकार व ठेवण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मोबाइलवर रोज दिसणाऱ्या अशा जाहिराती कित्येक दशकांपासून बेकायदा आहेत. काही गोळ्यांमध्ये संप्रेरकं असू शकतात आणि ती मनाने घेणं धोक्याचं असतं. ब्लाउजमधला कप मात्र निर्धोक आहे. कॅन्सरनंतर स्तन काढलेल्या बाईसाठी बाहेरून लावायचा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो. त्याला वजन असतं, आणि ते महत्त्वाचं आहे. मोठ्या बांध्याच्या बाईची एक बाजू हलकी झाली की खांदा आणि पाठ वाकडी पडू लागते. सुती धाग्याने विणून आत कापूस भरलेले हलके स्तनही असतात. अमेरिकेत २०११ नंतर विणकाम करणाऱ्या स्त्रियांनी ही चळवळ पसरवली आणि मुंबईतही ते विणून मोफत देणारे गट आहेत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सिलिकॉनखाली घामोळं येतं, सुती विणलेलं सोसवतं. कित्येक जणींसाठी एवढंच पुरेसं असतं. काहीच न करणं हाही पूर्ण वाढीचा पर्याय आहे, आणि डॉक्टरांनी तो इतर पर्यायांच्या बरोबरीने सांगायला हवा.

आता इम्प्लांट. शस्त्रक्रियेने स्तनाचा आकार भरून काढण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न १८९५ मधला. जर्मनीत हायडेलबर्गला व्हिन्सेन्झ चेर्नी या सर्जनने एका गायिकेच्या स्तनातली गाठ काढली आणि तिच्याच पाठीवरची चरबीची गाठ त्या पोकळीत बसवली. मधल्या काळात पॅराफिन टोचलं गेलं, स्पंज बसवले गेले, दुसऱ्या महायुद्धानंतर पातळ सिलिकॉन थेट टोचलं गेलं, आणि या सगळ्याचे परिणाम वाईट झाले. आजचं सिलिकॉन इम्प्लांट, म्हणजे पातळ आवरणात भरलेलं जेल, १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी पहिल्यांदा एका स्त्रीच्या शरीरात बसवलं. टिमी जीन लिंडसे हे तिचं नाव. ती सहा मुलांची आई होती, कारखान्यात काम करायची आणि गरिबांसाठीच्या रुग्णालयात छातीवरचं गोंदण काढून घ्यायला आली होती. स्तन मोठे करण्याची मागणी तिची नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी ते सुचवलं आणि तिने त्याबरोबर आपले कान सरळ करून मागितले. जगभर पसरलेल्या एका शस्त्रक्रियेची सुरुवात दुसऱ्याच कामासाठी आलेल्या गरीब बाईपासून झाली, हे मला फार बोलकं वाटतं. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पोटदुखीसाठी गेलेली बाई पिशवी गमावून परत येते, ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. त्यामुळे ‘सगळे पर्याय समजले का’ हा प्रश्न इथे कुठल्याही इम्प्लांटच्या आधी येतो.

इम्प्लांट दोन प्रकारचे: सिलिकॉन जेलचे आणि खारट पाण्याचे. जेलचा स्पर्श नैसर्गिक वाटतो. खारट पाण्याचं फुटलं तर लगेच कळतं, कारण स्तन बसतो. जेलचं फुटलेलं वर्षानुवर्षं लक्षातही येत नाही. आकार गोल किंवा थेंबासारखा, पृष्ठभाग गुळगुळीत किंवा खरखरीत. चीर स्तनाखालच्या घडीत, स्तनमंडलाच्या कडेने किंवा काखेत घेतात. जागा दूधग्रंथीच्या मागे किंवा छातीच्या स्नायूच्या मागे. बारीक अंगाच्या बाईला स्नायूमागची जागा बरी, कडा दिसत नाहीत; पण ज्या बाईला खांद्याने आणि हाताने जोराचं काम करावं लागतं तिला स्नायू आवळताना इम्प्लांट हलल्याचं जाणवू शकतं. ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं, तासा-दोन तासांत आटपतं, बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येतं. त्यानंतर साधारण महिना-दीड महिना जड उचलायचं नाही. भरलेली घागर, वैरणीचा भारा, कडेवरचं मूल, सगळं यात आलं. ज्या घरात हे काम दुसरं कुणी करणार नाही, तिथे ही अट आधीच बोलून घ्यावी.

फक्त आकार वाढवून ओघळलेपण जात नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं. स्तनाग्र घडीच्या खाली गेलं असेल तर कातडी कमी करून स्तन वर उचलण्याची वेगळी शस्त्रक्रिया लागते. अंगावर पाजणं अजून व्हायचं असेल तर थांबावं, कारण गरोदरपणात आणि नंतर आकार पुन्हा बदलतो. इम्प्लांटनंतर बऱ्याच जणी बाळाला पाजू शकतात, पण स्तनमंडलाच्या कडेने घेतलेल्या चिरेत दूधनलिका आणि संवेदना यांना इजा होण्याची शक्यता जास्त असते.

परकी वस्तू आत गेली की शरीर तिच्याभोवती पडदा तयार करतं. तो पडदा बहुतेकींमध्ये मऊ राहतो; काहींमध्ये आवळत जातो, स्तन दगडासारखा कडक होतो, दुखतो, वेडावाकडा दिसतो. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं हे एक मोठं कारण आहे. आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट घेतलेल्या स्त्रियांपैकी २० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना ते ८ ते १० वर्षांत काढावं लागतं, असं अमेरिकेचं औषध प्रशासन सांगतं. याच प्रशासनाने १९९२ मध्ये सिलिकॉन जेलच्या सर्वसाधारण वापरावर बंदी आणली होती आणि २००६ मध्ये ती उठवली, तीही आकार वाढवण्यासाठी किमान २२ वर्षं वयाची अट घालून. जेलचं इम्प्लांट घेतलं तर पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तपासणी करावी, असा त्यांचा सल्ला आहे. पंचविशीत इम्प्लांट घेतलेल्या मुलीने हा हिशेब पन्नाशीपर्यंत मांडून पाहावा. त्यात एखादं दुसरं ऑपरेशन जवळजवळ गृहीतच धरावं.

दोन घटनांनी या क्षेत्राचा विश्वास हलवला. फ्रान्समधली पीआयपी ही कंपनी वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनऐवजी औद्योगिक वापराचं स्वस्त सिलिकॉन भरत होती. २०१० मध्ये ती बंद पडली तोवर जगभरातल्या सुमारे तीन लाख स्त्रियांच्या शरीरात तो माल गेला होता. मालक झाँ-क्लोद मास याला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. दुसरी घटना खरखरीत पृष्ठभागाची. अशा इम्प्लांटभोवतीच्या पडद्यात लिंफोमा प्रकारचा एक दुर्मीळ कॅन्सर उद्भवतो, हे हळूहळू स्पष्ट झालं आणि जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांटं जगभरातून परत मागवली. हा आजार बहुधा कित्येक वर्षांनी, एका बाजूला अचानक पाणी भरून सूज आल्याने कळतो. वेळेत पकडला तर इम्प्लांट आणि भोवतालचा पडदा काढल्यावर बहुतेक जणी बऱ्या होतात. २०२१ मध्ये अमेरिकेने इम्प्लांटच्या वेष्टनावर ठळक इशारा आणि स्त्रीने वाचून सही करायची तपासणी-यादी सक्तीची केली. या दोन्ही घटनांत ज्यांच्याकडे इम्प्लांटचं कार्ड होतं त्यांना आपला माल कुठला हे ताबडतोब कळलं. कंपनी, प्रकार, अनुक्रमांक लिहिलेलं ते कार्ड मागून घ्यावं आणि आधार कार्डाइतकंच जपावं.

स्वतःची चरबी टोचणं हा अलीकडचा मार्ग. पोट-मांड्यांतली चरबी नळीने ओढून, स्वच्छ करून, बारीक थेंबांनी स्तनात सोडतात. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने १९८७ मध्ये याला विरोध केला होता, कारण टोचलेल्या चरबीमुळे मॅमोग्राफीत दिसणाऱ्या कॅल्शियमच्या खड्यांचा कॅन्सरशी घोळ होईल अशी भीती होती. २००९ मध्ये त्यांनीच अनुभव तपासून ती भूमिका सोडली. टोचलेल्या चरबीचा बराच भाग शरीर शोषून घेतं, म्हणून एकाहून अधिक वेळा करावं लागू शकतं, आणि वाढ साधारण एका कपाइतकीच मिळते. तुळजापूरच्या दृष्टीने याचा मोठा गुण असा की आत परकी वस्तू राहत नाही. फुटण्याची, परत मागवण्याची, ठरावीक वर्षांनी एमआरआयची कटकट नाही. अडचण एवढीच, की जिला सगळ्यात जास्त हवं असतं त्या बारीक अंगाच्या मुलीकडे काढायला चरबीच नसते.

आता कॅन्सर, आणि इथे मला जास्त थांबायचं आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर झाला. धाराशिव जिल्हा या बाबतीत अनोळखी नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, आणि तिच्या ३४६ गावांत बार्शीबरोबर आपल्या जिल्ह्यातले परांडा आणि भूम हे तालुके होते. पुढे १९९९ पासून टाटा मेमोरियल, बार्शीचं हे रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था यांनी त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगाची धोरणं बदलून गेला. तुलनेसाठीच्या गटातल्या बायकांना तपासणी दिली नव्हती, यावर पुढे गंभीर नैतिक आक्षेपही आले. जगाला एवढं देणाऱ्या या जिल्ह्यातल्या बाईला स्तन काढल्यानंतर ‘आता जीव वाचला, बाकी काय करायचं आहे’ हे वाक्य ऐकावं लागू नये.

पहिली गोष्ट, गाठ लहान असेल तर सगळा स्तन काढावाच लागतो असं नाही. इटलीत व्हेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर यांच्या २००२ मध्ये आलेल्या वीस वर्षांच्या निष्कर्षांनी दाखवलं की गाठ व आसपासचा भाग काढून रेडिएशन दिलं तर आयुष्यमान संपूर्ण स्तन काढण्याइतकंच राहतं. रेडिएशनला मात्र सलग काही आठवडे रोज जावं लागतं. बार्शी-सोलापूरच्या फेऱ्या, सुटलेली मजुरी, घरचा स्वयंपाक, या हिशेबात कित्येक जणी ‘काढूनच टाका’ म्हणतात. हा निर्णय त्यांचाच, पण पर्याय माहीत असताना घेतलेला असावा.

स्तन काढला तर तो पुन्हा घडवता येतो, त्याच वेळी किंवा वर्षा-दोन वर्षांनी. इम्प्लांटने घडवणं सोपं वाटतं, पण नंतर रेडिएशन होणार असेल तर भोवतालचा पडदा आवळण्याचं प्रमाण वाढतं. म्हणून स्वतःच्या अंगातलं मांस-कातडी वापरणं अनेकदा टिकाऊ ठरतं. या तत्त्वाचं मूळ महाराष्ट्राला जवळचं आहे. टिपूशी झालेल्या लढाईत कैद होऊन नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाला पुण्यात एका वीट-कुंभारकाम करणाऱ्या जातीतल्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवं नाक करून दिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये ते चित्रासह छापून आलं आणि युरोपातले सर्जन त्यावरून शिकले. कातडी पूर्ण न तोडता एका देठावर ठेवायची म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो, ही त्यातली युक्ती. पाठीचा रुंद स्नायू काखेतल्या देठावर ठेवून पुढे छातीवर वळवण्याची, इटलीच्या टान्सिनीने १९०६ मध्ये वर्णन केलेली पद्धत त्याच तत्त्वावर चालते. हिला सूक्ष्मदर्शक लागत नाही. प्लास्टिक सर्जन असलेल्या सोलापूरसारख्या शहरात ती करण्याजोगी आहे. तिची किंमत म्हणजे खांद्याची ओढण्याची ताकद थोडी कमी होते. पोटाचा स्नायू, कातडी आणि चरबी वर आणण्याची हार्टराम्फ यांची १९८२ ची पद्धत पोटाची भिंत कमकुवत करू शकते, हर्निया होऊ शकतो. स्नायू तसाच ठेवून फक्त कातडी-चरबी आणि तिच्या बारीक रक्तवाहिन्या घेणारी १९९० च्या दशकातली सुधारणा उत्तम, पण ती तासन्‌तास चालते आणि पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तप्रवाह थांबला तर तातडीने पुन्हा आत घ्यावं लागतं. तिच्यासाठी पुणे-मुंबईच.

एक खास आपल्याकडची गोष्ट इथे सांगायलाच हवी. ऑपरेशनआधी किमान महिनाभर सिगारेट बंद, असं सर्जन सांगतात, आणि आपल्या बायका ‘आम्ही कुठं ओढतो’ म्हणून मान हलवतात. पण मिश्रीतही निकोटिन असतं. ते बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि देठावरची कातडी काळी पडायला तेवढं पुरतं. मिश्रीबद्दल डॉक्टरांनी नाव घेऊन विचारावं, आणि विचारलं नाही तर आपणच सांगावं.

भाजलेल्या मुलींबद्दल थोडं. स्टोव्ह किंवा उकळत्या पाण्याने छाती भाजली तरी कातडीखालची स्तनाची कळी पुष्कळदा शाबूत असते. वयात येताना वरचा व्रण तिला वाढू देत नाही. त्या वेळी व्रण मोकळा करून कातडी लावली तर स्तन स्वतःच वाढतो, इम्प्लांटची गरज पडत नाही. ‘लग्नाच्या वेळी बघू’ म्हणून थांबणाऱ्या आईबापांना हे कुणीतरी वेळेत सांगायला हवं. शाळेतल्या आरोग्य तपासणीत ही मुलगी दिसली तर तिथेच. तृतीयपंथीयांसाठीही स्तनांच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न आहे. संप्रेरक उपचारांनी पुष्कळ जणींचा स्तन काही प्रमाणात वाढतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेऊन पाहतात. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याने लिंगबदलाशी निगडित उपचारांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

पैशाचं बोलायचं तर केवळ आकारासाठीचं ऑपरेशन सरकारी योजनांत बसत नाही, आणि खासगीत खर्च साधारण लाखाच्या पुढे जातो. पण विमा नियामकाच्या प्रमाणित नियमात सौंदर्यशस्त्रक्रिया वगळतानाच अपघात, भाजणं आणि कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना अपवाद म्हणून नोंदली आहे. कंपनीने ‘कॉस्मेटिक’ म्हणून दावा नाकारला तर हे कलम दाखवावं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन येतं. पुनर्रचनेचं काय, हे ऑपरेशन ठरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं, कारण दोन्ही एकदम करायचं असेल तर मंजुरीही आधी लागते. तमिळनाडूने २०१८ मध्ये चेन्नईच्या स्टॅन्ली सरकारी रुग्णालयात स्तनांच्या सौंदर्यशस्त्रक्रिया मोफत सुरू केल्या. त्यावर टीका झाली. मला तो निर्णय आवडला, कारण पैसे नसलेली मुलगी उपचाराची इच्छा सोडत नाही, ती स्वस्तातल्या, अपुरं शिक्षण असलेल्या डॉक्टरच्या हातात जाते. सर्जनची पदवी पाहावी: एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीआरएनबी. नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येतं.

धाराशिवच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातून एकदा नाही तर महिन्यातून दोनदा तरी प्लास्टिक सर्जनची बाह्यरुग्ण तपासणी असावी, ही मागणी अवाजवी नाही. सोलापूरच्या शासकीय महाविद्यालयाकडून किंवा मानद तत्त्वावर खासगीतून सर्जन येऊ शकतात. ऑपरेशन तिथेच झालं पाहिजे असं नाही. टाके पाहणं, इम्प्लांटची सोनोग्राफी, भाजलेल्या मुलींची वेळेत निवड, कॅन्सरचं ऑपरेशन ठरलेल्या बाईशी आधी अर्धा तास बोलणं, एवढी कामं तिथे झाली तरी तुळजापूर, उमरगा, कळंबच्या बायकांच्या निम्म्या फेऱ्या वाचतील. आणि त्या तपासणीत बाईडॉक्टर किंवा किमान एक परिचारिका खोलीत असावी, नवऱ्याला थोडा वेळ बाहेर बसवून बाईला एकटीला बोलू द्यावं.